शाळेत असतानाच कॉलेजची क्रेडिट्स आणि कामाचं शिक्षण: वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमामिश, बॉथेल, इसाक्वा या सिएटलच्या आसपासच्या गावांत मूल दहावीत गेलं की मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: रनिंग स्टार्ट घ्यायचं का? शेजारच्या मुलाने दोन वर्षं वाचवली, कुणाच्या मुलीची क्रेडिट्स पुढे कुणी धरलीच नाहीत, कुणाचे पैसे वाचले, कुणाचे मित्र तुटले. ऐकीव गोष्टी भरपूर असतात आणि त्यातल्या बऱ्याच अर्धवट खऱ्या असतात. मला ही योजना मनापासून आवडते. पण ती घेणाऱ्याने आधी एक प्रश्न सोडवलेला असावा असं माझं ठाम मत आहे: ही क्रेडिट्स नेमकी कुठे खर्च करायची आहेत? खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

रनिंग स्टार्ट म्हणजे नेमकं काय?

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने हायस्कूलचा विद्यार्थी राहूनच कम्युनिटी किंवा टेक्निकल कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या सरकारी कॉलेजात) जाऊन, तिथल्या नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून शिकायचं. त्या एकाच अभ्यासक्रमाचं क्रेडिट हायस्कूलच्या डिप्लोमासाठीही धरलं जातं आणि कॉलेजच्या पदवीसाठीही. वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने १९९० साली हा कायदा केला. त्याआधी १९८५ मध्ये मिनेसोटाने असा मार्ग काढला होता. सुरुवातीला मोजक्या कॉलेजांत प्रयोग झाला आणि मग योजना राज्यभर पसरली. आपल्या भागातली मुलं प्रामुख्याने बेलव्ह्यू कॉलेज, कॅस्केडिया कॉलेज, लेक वॉशिंग्टन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, एव्हरेट, एडमंड्स, शोरलाइन किंवा ग्रीन रिव्हर इथे जातात.

युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, म्हणजे यूडब्ल्यू, रनिंग स्टार्टमध्ये नाही. 'मुलगी अकरावीपासून यूडब्ल्यूत जाते' असं कुणी सांगितलं, तर बहुतेक वेळा ती कॅस्केडिया कॉलेजात जात असते. कॅस्केडिया आणि यूडब्ल्यू बॉथेल यांचा कॅम्पस एकच आहे.

खरंच फुकट आहे का?

ट्युशन फुकट आहे, बाकीचं सगळं नाही. कॉलेजची ठरावीक शुल्कं, प्रयोगशाळेचं शुल्क, पुस्तकं आणि जाण्यायेण्याचा खर्च घरच्यांनी करायचा. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कमाफी मिळते आणि बऱ्याच कॉलेजांत पुस्तकंही उसनी मिळतात. त्यासाठी मागायला लाजू नका. पुस्तकाची किंमत वर्ग निवडतानाच बघून ठेवा, कारण काही प्राध्यापक पूर्णपणे मोफत ऑनलाइन साहित्य वापरतात आणि काहींच्या एकाच पुस्तकाला शंभर डॉलर मोडतात.

आणखी दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. शंभरच्या खालच्या क्रमांकाचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीखालचे वर्ग या योजनेत बसत नाहीत; ते घेतले तर पूर्ण पैसे भरावे लागतात. आणि हायस्कूलमध्ये असेपर्यंत पेल ग्रँटसारखी केंद्र सरकारची मदत मिळत नाही, त्यामुळे फाफसा (त्या मदतीचा अर्ज) भरून या खर्चाची सोय होणार नाही.

तरीही बचत मोठी आहे. यूडब्ल्यूत राज्यातल्या विद्यार्थ्याची ट्युशन आणि शुल्कं मिळून वर्षाला १२ हजार डॉलरांहून अधिक होतात.

क्रेडिटचा हिशोब कसा असतो?

इथेच सगळ्यांचा गोंधळ उडतो, म्हणून सावकाश सांगते.

वॉशिंग्टनच्या कम्युनिटी कॉलेजांत क्वार्टर पद्धत आहे. एक क्वार्टर साधारण ११ आठवड्यांचं असतं आणि शाळेच्या वर्षात फॉल, विंटर, स्प्रिंग अशी तीन क्वार्टर येतात. बहुतेक वर्ग ५ क्रेडिटचे असतात. कॉलेजची ५ क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं १ पूर्ण क्रेडिट. म्हणजे हायस्कूलमध्ये सप्टेंबर ते जून चालणारा एक विषय कॉलेजात ११ आठवड्यांत संपतो. हायस्कूलच्या डिप्लोमाला राज्याच्या नियमाने २४ क्रेडिट लागतात.

कॉलेजात पूर्णवेळ म्हणजे क्वार्टरला १५ क्रेडिट, तीन वर्ग. दोन वर्षांत सहा क्वार्टर, प्रत्येकी १५, म्हणजे ९० क्रेडिट, आणि तेवढ्यात असोसिएट पदवी पुरी होते. हायस्कूल आणि कॉलेज मिळून पूर्णवेळाच्या १.४ पटीपर्यंत वर्ग घेता येतात. त्यामुळे तीनही वर्ग कॉलेजात घेऊन हायस्कूलमध्ये ऑर्केस्ट्रा आणि आणखी एखादा विषय ठेवणं जमतं. उन्हाळ्यातही १० क्रेडिटपर्यंत मुभा आहे, आणि दहावी संपवून अकरावीत जाणाऱ्या मुलांनाही ती मिळते.

कागदावर तीन वर्ग थोडे वाटतात. प्रत्यक्षात १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला १५ तास वर्गात आणि त्याच्या दुप्पट वेळ घरी अभ्यास. ११ आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये एक आठवडा ताप आला, तर अभ्यासाचा मोठा तुकडा निसटतो.

एपी घ्यावं की रनिंग स्टार्ट?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच.

एपीत, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटमध्ये, कॉलेजच्या पातळीचा विषय वर्षभर शाळेतल्याच शिक्षकांकडे शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची. तिची फी जवळपास शंभर डॉलर आहे. गुण १ ते ५ असतात आणि क्रेडिट त्या एका परीक्षेवर ठरतं. वॉशिंग्टनची सरकारी विद्यापीठं ३ किंवा अधिक गुणांना क्रेडिट देतात. बाहेरची नामांकित विद्यापीठं अनेकदा ४ किंवा ५ मागतात. रनिंग स्टार्टमध्ये एक परीक्षा सगळं ठरवत नाही. निबंध, प्रयोग, चाचण्या, गटात केलेलं काम, सगळ्याची मिळून ग्रेड लागते आणि उत्तीर्ण झालात की क्रेडिट तुमचं.

परीक्षेच्या दिवशी ज्याचे हातपाय गार पडतात पण जो रोजचं काम नेटाने करतो, त्या मुलाला रनिंग स्टार्ट मानवतं. ज्याला शाळेतला जुना गट आणि ओळखीचे शिक्षक हवेत आणि ज्याचा डोळा राज्याबाहेरच्या विद्यापीठावर आहे, त्याने एपी घ्यावं, कारण एपीचे गुण देशभर एकाच मापाने वाचले जातात. दोन्ही एकत्र करणारी मुलंही आहेत: गणित आणि भौतिकशास्त्र एपीत, इंग्रजी आणि इतिहास कॉलेजात.

तिसरा मार्ग आपले लोक विसरतात. 'कॉलेज इन द हायस्कूल' या योजनेत विद्यापीठाचा अभ्यासक्रम हायस्कूलच्याच वर्गात, हायस्कूलचेच शिक्षक शिकवतात. नववीपासून घेता येतो. २०२३ पासून सरकारी कॉलेज-विद्यापीठांच्या अशा वर्गांचं शुल्क राज्य सरकार भरतं. मात्र वर्गात बसल्याने क्रेडिट आपोआप मिळत नाही, विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी मुदतीत करावी लागते. ही मुदत उलटून गेलेली मुलं दरवर्षी भेटतात आणि फार वाईट वाटतं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी दर्जाचं नाही का?

नाही. इथे प्राध्यापकाचं मुख्य काम शिकवणं आहे, वर्ग लहान असतात, आणि प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत खरोखर जाऊन बसता येतं. यूडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात शेकडो विद्यार्थी असतात. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांची जागा, ही कम्युनिटी कॉलेजबद्दलची समजूत आपण भारतातल्या कटऑफच्या जगातून आणली आहे. तिच्या आधारावर मुलाचा निर्णय करू नका.

दोन वर्षांची पदवी घेऊन थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं ना?

राज्याच्या आत, हो. राज्यातल्या कॉलेजांत आणि विद्यापीठांत 'डायरेक्ट ट्रान्सफर अॅग्रीमेंट' नावाचा करार आहे. त्याला धरून असलेली ९० क्रेडिटची असोसिएट पदवी घेतली की सर्वसाधारण शिक्षणाच्या अटी बहुतांशी पूर्ण झाल्या असं मानलं जातं. आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं आपण पाहिली आहेत. हे बरंचसं तसंच आहे, फक्त इथे बारावीही सोबतच होते.

पण इथे तीन बारकावे आहेत.

पहिला: रनिंग स्टार्टचा विद्यार्थी बारावीनंतर लगेच यूडब्ल्यूत अर्ज करतो, तेव्हा त्याच्याकडे ९० क्रेडिट असली तरी तो प्रथम वर्षाचा अर्जदारच धरला जातो. हे चांगलं आहे, कारण प्रथम वर्षाच्या शिष्यवृत्त्यांचं दार बंद होत नाही. अर्ज मात्र बारावीच्या बाकी सगळ्या मुलांच्याच स्पर्धेत जातो. क्रेडिट जास्त म्हणून प्रवेश सोपा, असं काही नाही.

दुसरा: यूडब्ल्यूत १०५ क्रेडिट होईपर्यंत मुख्य विषय निश्चित करावा लागतो. जो मुलगा ९० क्रेडिट घेऊन आत येतो, त्याला विचार करायला एकच क्वार्टर उरतं. १८ वर्षांच्या मुलाला हे झेपेल का, ते घरात बसून बोला. काय शिकायचं हे न ठरलेल्या मुलासाठी ९० क्रेडिट कधीकधी ओझंच होतं.

तिसरा, आणि आपल्या घरांत सगळ्यात महत्त्वाचा: संगणकशास्त्र. यूडब्ल्यूच्या अॅलन स्कूलचा प्रवेश अतिशय कठीण आहे. बहुतेक मुलं बारावीतच थेट त्या विषयासाठी अर्ज करतात, आणि असोसिएट पदवी हातात असल्याने तिथली रांग लहान होत नाही. संगणकशास्त्रच हवं असेल तर कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचे वर्ग कॉलेजात घ्या. नुसती सोपी क्रेडिट्स भरून पदवी पुरी करू नका. बेलव्ह्यू कॉलेजात संगणकशास्त्राची चार वर्षांची पदवीही मिळते, तो पर्यायही यादीत ठेवा.

राज्याबाहेरच्या किंवा खासगी विद्यापीठात ही क्रेडिट्स चालतात का?

काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी अर्धी चालतात आणि बऱ्याच नामांकित खासगी विद्यापीठांत अजिबात नाही. जे वर्ग हायस्कूलच्या डिप्लोमासाठी मोजले गेले, त्यांना परत क्रेडिट द्यायचं नाही, असा नियम अनेक खासगी विद्यापीठांनी केला आहे. रनिंग स्टार्टमध्ये तर एकच वर्ग दोन्हीकडे मोजतात, म्हणून ही अट नेमकी इथेच आड येते.

म्हणून ते वर्ग वाया जातात असं मात्र नाही. सतरा वर्षांच्या मुलीने कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र घेऊन 'ए' मिळवला, तर प्रवेश समितीला ते दिसतंच. फक्त 'दोन वर्षांचे पैसे वाचतील' हा हिशोब तिथे लागू होत नाही. मुलाच्या यादीतल्या पहिल्या पाच विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर रजिस्ट्रारचं पान उघडा आणि हायस्कूलमध्ये घेतलेल्या कॉलेज वर्गांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणखी एक गोष्ट: शिफारसपत्रं. अकरा आठवडे शिकवलेल्या प्राध्यापकाला तुमचा मुलगा कितपत आठवणार? पूर्णवेळ कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी हायस्कूलचे एखादे शिक्षक आणि कौन्सिलर यांच्याशी संबंध टिकवून ठेवावा, किंवा एकाच प्राध्यापकाकडे सलग दोन वर्ग घ्यावेत.

एखाद्या वर्गात ग्रेड खराब झाली तर?

मग ती कायमची राहते. हे वाक्य मला प्रत्येक पालकाला आणि त्याहून जास्त प्रत्येक मुलाला सांगावंसं वाटतं.

रनिंग स्टार्टचा पहिला वर्ग घेतला, त्या दिवशी मुलाचं कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट सुरू होतं. ते पुढे कुठल्याही विद्यापीठात बॅचलर्सला, मास्टर्सला, लॉ स्कूलला अर्ज करताना द्यावंच लागतं. सोळाव्या वर्षी मिळालेली 'डी' चोविसाव्या वर्षीही तिथे असते, आणि हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवरही उतरते. त्यातून हायस्कूलच्या डिप्लोमाला लागणारा विषयच बुडाला, तर बारावीच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये पदवीदान समारंभ धोक्यात येतो. बारावीच्या स्प्रिंगमध्ये इंग्रजीसारखा अनिवार्य विषय शिल्लक ठेवू नये, तो आधीच उरकावा.

सुटकेची वाट असते, पण ती लवकर बंद होते. क्वार्टरच्या सुरुवातीच्या, साधारण पहिल्या दहा शिकवणीच्या दिवसांत वर्ग सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. त्यानंतर सोडला तर 'डब्ल्यू' उमटतो. एखादा डब्ल्यू काही आभाळ कोसळवत नाही, दर क्वार्टरला एक मात्र नको. पहिल्या दोन आठवड्यांत मुलाला रोज एकदा तरी विचारा, 'झेपतंय का?' आणि 'नाही' म्हणाला तर न रागावता ऐका. रागावलात तर तो तिसऱ्या आठवड्यात सांगेल.

पहिल्या क्वार्टरला एक किंवा दोनच वर्ग घ्यावेत, हा माझा आग्रह. पूर्णवेळ जायचं असेल तर दुसऱ्या क्वार्टरपासून जाता येतं.

मुलीला डॉक्टर व्हायचंय. तिने घ्यावं का?

घ्यावं, पण विज्ञानाचे पायाभूत वर्ग जपून. मेडिकल स्कूलसाठी एएमकॅस या सामाईक अर्जपद्धतीतून अर्ज करताना हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेज वर्गांचं ट्रान्सक्रिप्टसुद्धा द्यावं लागतं. शिवाय काही मेडिकल स्कूलना जीवशास्त्र, रसायनशास्त्र चार वर्षांच्या विद्यापीठात केलेलं आवडतं. इंग्रजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र रनिंग स्टार्टमध्ये करावं आणि मुख्य विज्ञान विद्यापीठासाठी राखून ठेवावं, हा मला समंजस मार्ग वाटतो. त्याऐवजी स्किल सेंटरमधला (हायस्कूलच्या मुलांना कामाचं शिक्षण देणाऱ्या केंद्रातला, त्याबद्दल पुढे) आरोग्यसेवेचा वर्ग घेतला तर तिला रुग्णांजवळ जायला मिळेल, आणि हे काम आपल्याला खरंच आवडतं का, ते लवकर कळेल. मला तरी हे क्रेडिटपेक्षा मोलाचं वाटतं.

मुलाची ग्रेड कळण्यासाठी मी प्राध्यापकांना ईमेल करू का?

करू नका. १९७४ च्या फर्पा कायद्याने, विद्यार्थी कॉलेजात गेला की तिथल्या नोंदींचा हक्क त्याच्याकडे जातो, वय सोळा असलं तरी. प्राध्यापक तुम्हाला उत्तर देणार नाहीत आणि मुलगा मात्र अवघडून जाईल. शाळेत असतात तसे पालक-शिक्षक मेळावेही इथे नाहीत. मुलाला स्वतःच ऑफिसच्या वेळेत जायला, स्वतःच ईमेल लिहायला शिकवा. पहिली ईमेल हवं तर सोबत बसून लिहा, पण पाठवायची त्याने. ग्रेडबद्दल घरात काय सांगायचं, हे क्वार्टर सुरू होण्याआधीच आपसांत ठरवून घ्या.

मित्र, खेळ, प्रॉम सुटतं का?

खेळ सुटत नाही. रनिंग स्टार्टचा विद्यार्थी हायस्कूलच्या संघात खेळू शकतो. प्रॉम, क्लब, पदवीदान सगळं खुलं असतं. प्रत्यक्षात वेळापत्रकांचा मेळ बसत नाही ही खरी अडचण. कॉलेजचं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, हायस्कूल त्याआधी तीन आठवडे. स्प्रिंगची सुटीही एकाच वेळी येत नाही. आपली मुलं आधीच दोन संस्कृतींमध्ये वावरत असतात आणि एकटं पडणं त्यांना लवकर जाणवतं. शांत स्वभावाच्या मुलाला पूर्णवेळ कॉलेजात पाठवताना हे विचारात घ्या.

'कामाचं शिक्षण' म्हणजे काय? ते आपल्या मुलांसाठी आहे का?

आहे, आणि आपण त्याच्याकडे फार कमी बघतो याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे आयटीआय आणि अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम म्हणजे मार्क कमी पडलेल्यांचा रस्ता, असं आपल्या मनात बसलं आहे. इथे चित्र वेगळं आहे. अनेक शाळा-जिल्ह्यांनी मिळून चालवलेली स्किल सेंटर्स आहेत: आपल्या भागात वॅनिक, एव्हरेटला स्नो-आयल टेक, बुरियनला पुगेट साउंड स्किल्स सेंटर. हायस्कूलच्या विद्यार्थ्याला ट्युशन नाही. रोज अर्धा दिवस इथे, उरलेला आपल्या शाळेत. रेडमंडच्या डिजिपेनमध्ये वॅनिकचे व्हिडिओ गेम प्रोग्रॅमिंगचे वर्ग चालतात. आरोग्यसेवा आणि अग्निशमन-आपत्कालीन सेवेचेही वर्ग आहेत. काही वर्ग पुरे केले की उद्योगात मान्य असलेलं प्रमाणपत्र मिळतं आणि अनेकांना कॉलेजचं क्रेडिटही.

ज्यांच्या मुलांना हाताने काही करायला आवडतं, त्यांनी विमानबांधणीकडे जरूर बघावं. बोइंगचा एव्हरेटचा कारखाना इथेच आहे आणि त्या उद्योगासाठी तयार केलेला 'कोअर प्लस' अभ्यासक्रम अनेक हायस्कूलांत चालतो. एव्हरेट कम्युनिटी कॉलेजात अॅमटेक (AMTEC) नावाचं मोठं प्रगत उत्पादन केंद्र आहे. त्याही पुढे अजॅक ही संस्था हायस्कूलच्या मुलांसाठी अॅप्रेंटिसशिप चालवते: २,००० तास पगारी काम, सोबत कॉलेजची १५ क्रेडिट. सोळा-सतराव्या वर्षी यंत्रावर काम शिकलेला मुलगा पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, तर वर्गातल्या इतरांपेक्षा त्याला किती जास्त समजेल, याचा विचार करा.

एक तांत्रिक बाब मात्र ध्यानात असू द्या. कामाभिमुख असोसिएट पदव्या वेगळ्या असतात. त्या थेट नोकरीसाठी बेतलेल्या असल्याने चार वर्षांच्या विद्यापीठात त्यांची सगळी क्रेडिट्स धरली जातीलच असं नाही. पुढे बॅचलर्स करायचं असेल तर कॉलेजच्या सल्लागाराला 'ही पदवी ट्रान्सफरची आहे का?' असं स्पष्ट विचारा.

शाळेतल्याच सीटीई, म्हणजे व्यवसाय-तंत्रशिक्षणाच्या, वर्गाला कॉलेज क्रेडिट मिळतं म्हणे?

हो, शाळा आणि कॉलेज यांच्यात तसा करार असेल तर. साधारणपणे 'बी' किंवा वरची ग्रेड लागते आणि कॉलेजकडे नोंदणी करावी लागते. शिक्षकांना पहिल्याच महिन्यात विचारा.

आमचं मूल एच-४ व्हिसावर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) आहे. त्याला हे सगळं घेता येतं का?

रनिंग स्टार्ट घेता येतं. सरकारी हायस्कूलचा विद्यार्थी असणं ही अट आहे, नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही. एच-४ वर शिकायला एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, लागत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकाशिवायही कॉलेजात प्रवेश होतो, त्यामुळे ऑनलाइन अर्जातला तो रकाना बघून थांबू नका.

पगारी काम मात्र नाही. एच-४ वरच्या मुलांना कामाचा परवाना मिळत नाही. परवान्याची सोय काही एच-४ जोडीदारांसाठी आहे, मुलांसाठी नाही. म्हणजे पगारी अॅप्रेंटिसशिप आणि पगारी इंटर्नशिप त्यांच्यासाठी बंद. स्किल सेंटरचे वर्ग खुले असतात, पण त्यातला एखादा भाग कंपनीत जाऊन पगार घेऊन करायचा असेल तर आधी शाळेला विचारा. 'थोडंसंच काम आहे, कोण बघतंय' असं म्हणू नका. मुलाच्या पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर त्याची सावली पडू शकते.

एकविसावं वर्ष ही आपल्या घरांतली मोठी काळजी आहे. त्या वाढदिवसाला एच-४ संपतो आणि ग्रीन कार्डची रांग तशीच असते. कॉलेजची दोन वर्षं आधीच झालेली असली तर मुलगा त्या वयापर्यंत बॅचलर्सच्या शेवटाला पोचलेला असू शकतो, आणि हा फायदा खरा आहे. एफ-१ वर कधी जायचं याचा निर्णय मात्र इमिग्रेशन वकिलाशी बोलूनच घ्या, आणि तो विसाव्या वर्षी नको, बारावीतच.

पुढे भारतात परत जायचं झालं तर?

भारतातल्या पदवी प्रवेशाला बारावीची समकक्षता लागते. त्यासाठी हायस्कूलचा डिप्लोमा हवाच. कॉलेजची क्रेडिट्स त्याची जागा घेत नाहीत. अमेरिकन क्रेडिट दाखवून तिथे थेट दुसऱ्या वर्षाला बसता येईल, या भरवशावर काही आखू नका. नीटचा विचार असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही विषय अकरावी-बारावीच्या ट्रान्सक्रिप्टवर स्पष्ट दिसले पाहिजेत.

आम्ही दुसऱ्या राज्यात राहतो. हेच नियम का?

नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस आहे, मिनेसोटात पीएसईओ. कॅलिफोर्नियातली हायस्कूलची मुलं कम्युनिटी कॉलेजचे वर्ग अर्धवेळ घेऊ शकतात, आणि २०१५ च्या कायद्यानंतर शाळा व कॉलेजांनी मिळून चालवलेले वर्गही तिथे वाढले. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ब्रुकलिनला सुरू झालेल्या पी-टेक शाळेत हायस्कूल आणि असोसिएट पदवी एकाच छताखाली होते. आयबीएम आणि सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क त्यात सोबत होते. शाळेच्या कौन्सिलरला 'ड्युअल क्रेडिट' किंवा 'ड्युअल एन्रोलमेंट' एवढं विचारलं तरी तुमच्या राज्यातली वाट सापडेल.

घरात दोन्ही गाड्या ऑफिसला जातात. मुलगा कॉलेजात कसा जाणार?

बसने. १ सप्टेंबर २०२२ पासून किंग काउंटी मेट्रो आणि साउंड ट्रान्झिटवर १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. बसचं वेळापत्रक हाती घेऊन मग वर्गाची वेळ निवडा. हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडतो, तेव्हा संध्याकाळचे वर्ग विचार करूनच घ्या.

कुणी रनिंग स्टार्ट घेऊ नये?

ज्याला स्वतःहून उठून कामाला लागायची सवय अजून नाही, त्याने. ज्याची यादी सगळी राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठांची आहे आणि जो फक्त पैसे वाचवायला येतोय, त्याने. आणि ज्याच्या आईवडिलांना हवंय पण त्याला स्वतःला नको, त्यानेही.

पुढच्या वर्षी अकरावी आहे. आत्ता काय करू?

दहावीच्या हिवाळ्यात शाळेतली आणि कॉलेजची माहितीची सभा गाठा. बहुतेक कॉलेजं ती ऑनलाइनही घेतात. कौन्सिलरबरोबर बसून २४ पैकी कोणती क्रेडिट्स शिल्लक आहेत ते लिहून काढा. शारीरिक शिक्षण, नागरिकशास्त्र, वॉशिंग्टन राज्याचा इतिहास अशा बारीक अटी नजरेतून सुटतात. मग कॉलेजात अर्ज करा आणि इंग्रजी व गणिताची पातळी ठरवून घ्या. अनेक कॉलेजं शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरूनही ती ठरवतात, वेगळी परीक्षा लागेलच असं नाही.

त्यानंतर एन्रोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म. त्यावर विद्यार्थी, पालक आणि कौन्सिलर तिघांच्या सह्या लागतात आणि तो दर क्वार्टरला नव्याने भरावा लागतो. तो वेळेत पोचला नाही तर कॉलेज ट्युशनचं बिल थेट तुमच्या नावे काढू शकतं. कौन्सिलर जूनच्या अखेरीस सुटीवर जातात, म्हणून फॉलचा फॉर्म शाळा संपण्याआधी सही करून घ्या. वर्गांची नोंदणी सुरू होईल त्याच दिवशी सकाळी संगणकासमोर बसा. इंग्रजी १०१ चे सकाळचे वर्ग सगळ्यात आधी भरतात.